सातवी बाज खाली

मला उर्दू लवकर आली, याचा एके काळी मला फार माज होता. घाटनांदूरला आमचं भुसाराचं दुकान. घरात आज्या-पणज्यापासून सगळ्यांनी तागडीच धरलेली, मी मात्र मौलवीसाहेबांपुढे मांडी घालून उजवीकडून डावीकडे लिहायला शिकलो. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार त्याच भाषेत चाले. तहसील कचेरीत कारकुनी मिळाली तेव्हा काका म्हणाले, "आपल्या घरात पयला कोट तूच घालनार बघ." तो कोट मी मग भर उन्हाळ्यातही उतरवला नाही.

त्या कोटातल्या माणसाची मला आज लाज वाटते. म्हातारपणी लोक आपल्या शौर्याच्या गोष्टी सांगतात. मला सांगायची आहे ती अशी की, ऐकून नातवंडांनी माझ्याकडे पाहूच नये.

मी होतो त्या तालुक्याच्या गावाचं नाव सांगत नाही. त्या गावाचा यात काही दोष नव्हता. गावाबाहेर नदीकडेला एक मोहताजखाना होता. ज्यांना कुणी नाही, ज्यांचे हातपाय चालत नाहीत, अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिथं सरकारी भाकर आणि निवारा मिळे. एक लांबलचक खोली, तिच्यात बारा बाजा, बाजांवर बारा जीव. देखरेखीला एक दारोगा, रांधायला एक बाई आणि झाडलोटीला एक जण. दर तीन महिन्यांनी कचेरीतून कुणीतरी जाऊन मुआयना करायचा, म्हणजे तिथली व्यवस्था नीट आहे की नाही ते पाहून छापील तख्ता भरून आणायचा. हे काम पेशकारसाहेबांचं. एकदा त्यांचं पोट बिघडलं आणि त्यांनी मला पाठवलं.

मी गेलो तो जावयासारखा. रुमालावर अत्तर लावून गेलो होतो, कारण तिथं वास येतो असं ऐकलं होतं. तख्त्यात रकाने होते: बाजा किती, भरलेल्या किती, पाणी स्वच्छ आहे का, जेवण पोटभर आहे का, अंथरूण-पांघरूण धुतलेलं आहे का, आणि शेवटी, कुणाची शिकायत आहे का. पाण्याच्या रांजणात मी डोकावलो नाही. झाकण स्वच्छ होतं, त्यावरून पाणी स्वच्छ लिहिलं. जेवण मी चाखलं नाही, दारोगाच्या घरून आलेला चहा मात्र घेतला.

त्या खोलीतला एकूण एक माणूस मराठी बोलणारा होता, आणि मीही. तरी दारोगावर छाप पडावी म्हणून मी उर्दूतच विचारलं, "किसी को कोई शिकायत?"

सगळ्यांनी हात जोडले. पहिल्या बाजेवरचा म्हातारा तेवढा म्हणाला, "न्हाई साहेब. आमाला आता या वयात कोन शिकवतंय?"

दारोगा फिसकन हसला. मीही हसलो, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, शिकायत नाही.

मग बाजा मोजत सरकलो. सातव्या बाजेवर कुणी नव्हतं. एक वाकळ आडवी टाकलेली होती आणि तिचा काठ पार जमिनीपर्यंत लोंबत होता. तिथं वास असा होता की अत्तराचाही उपयोग झाला नाही. मी रुमाल नाकाला दाबला आणि बाजेकडे बोट केलं. आठव्या बाजेवर सिरसाळ्याकडची एक वाळकी, तोंडाळ म्हातारी होती. ती म्हणाली, "ती खाली हाय."

आता नीट ऐका. उर्दूत खाली म्हणजे रिकामं. मराठीतही आपण हात खाली, पोट खाली असं म्हणतोच. पण म्हातारी 'ती' म्हणाली होती. बाई. बाई बाजेखाली आहे, असं ती सांगत होती. पुढे बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो की दोन भाषांत माझा घोटाळा झाला. घोटाळा कसला डोंबलाचा! मला कळलं होतं. वाकळेचा काठ हललेलाही मी पाहिला होता. फक्त खाली पाहायचं तर वाकावं लागणार होतं, आणि त्या वासात मला वाकायचं नव्हतं.

मी तख्त्यावर सात नंबरपुढे उर्दूत लिहिलं: खाली. चार अक्षरं. दारोगाला वाचता येत होतं. त्यानं ती अक्षरं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे बघत खाकरला. आमचं दोघांचं काही न बोलता जमून गेलं.

तख्त्याच्या तळाशी मी 'इंतजाम माकूल' असा शेरा मारला, म्हणजे बंदोबस्त चोख. तहसीलदारसाहेबांनी माझ्या अक्षराची तारीफ केली. मी चार दिवस हवेत होतो.

दोनेक महिन्यांनी सरकारी दवाखान्याला एक बाज हवी होती. कुणाला तरी आठवलं की मोहताजखान्यात सातवी बाज खाली आहे. ती घेऊन यायला गाडी आणि दोन शिपाई देऊन मलाच पाठवलं. वाटेत मला ती वाकळ आठवली. म्हटलं, एव्हाना काय ते उरकलं असेल. असलं वाक्य मनात येतं आणि माणूस पुढे गाडीत बसून राहतो, चालणाऱ्या बैलांकडे बघत.

खोलीत सातव्या बाजेवर तीच वाकळ होती. शिपायांनी दोन्हीकडून बाज धरली आणि उचलली.

तिच्याखाली ज्वारीच्या सरमाडावर एक म्हातारी निजलेली होती. एकदम उजेड आला म्हणून तिनं डोळ्यांवर हात धरला. मनगट एवढं बारीक की त्यातली काचेची बांगडी कोपरापर्यंत घसरली. शिपायांनी बाज तशीच अधांतरी धरून ठेवली. काय करावं ते त्यांना कळेना, आणि सांगायला हवं होतं ते मी, तर मी खिशात रुमाल शोधत होतो.

सिरसाळ्याची म्हातारी बोलली. "न्या, न्या. आदी भाकर नेली, आता छप्पर बी न्या. गळतंय तवा तेवडाच आडोसा व्हता तिला."

मी दारोगाला बाहेर ओसरीवर घेतलं. आवाज चढवून विचारलं, कारण आवाज चढवला की आपण निर्दोष वाटतो. "ही बाई खाली कावून?"

"अंथरुणात व्हतंय तिला, साहेब. सुतळी रोज कोन धुनार? म्हून खाली निजवली. तुमी यायच्या आदीपासूनच हाय तिथं."

"आणि भाकर?"

"तुमीच लिवलं ना, खाली म्हून. तवापासून कचेरीतून अकराचंच पीठ येतंय."

"मग तू बोलला नाहीस?"

दारोगानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "काय बोलू? बाई जमिनीवर कावून, त्ये बी सांगावं लागलं असतं." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "तुमाला बी ठावं व्हतं की, साहेब."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तो खुशाल बोलून गेला, आणि शिपायांनी ऐकलं तर नाही ना, म्हणून मी आधी मागे वळून पाहिलं.

अकरा जणांच्या पिठात बारावं तोंड कसं जगलं, ते आठव्या बाजेनंच सांगितलं. कुणी कोर द्यायचं, कुणी कण्या. पण रोजच कुणाला द्यावंसं वाटे असं नाही. "आमी बी उपाशीच की वो. लई दिस निस्तं पानी पिऊन काडले तिनं," ती म्हणाली, आणि चूक जणू तिचीच होती अशी खाली मान घालून बसली.

मी हुकूम सोडले. बाज होती तिथं ठेवायला लावली, सुतळी धुवायला लावली, ऊन पाणी आणवलं, म्हातारीला अंघोळ घालून कोरडं लुगडं नेसवायला लावलं. कोट घातलेला माणूस हुकूम फार छान सोडतो. मग दारोगाकडचा कोरा तख्ता मांडीवर घेऊन बसलो. खरं लिहायचं तर मागच्या तख्त्यावर माझी सही होती. खोटा मुआयना म्हणजे नोकरी गेली. घाटनांदूरला परत जाऊन काकांसमोर तागडी धरायची. मी दौतीत टाक बुडवला आणि सात नंबरपुढे लिहिलं: नई भरती. आज दाखल.

एका ओळीत तिला भाकरही मिळाली आणि माझी नोकरीही वाचली. फक्त ते दोन महिने कुणाच्या कागदावर उरले नाहीत.

म्हातारी बाजेवर बसली होती. नुकतीच न्हाल्यामुळे थरथरत होती. कागदाकडे बघत म्हणाली, "मला लिवलं का, लेकरा?"

"लिहिलं."

"वाच बरं."

त्या खोलीत उर्दू वाचणारे दोघेच, मी आणि दारोगा. दारोगा दाराशी उभा होता. मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि मराठीत वाचलं, "ही बाई आजारी आहे. ती इथं पहिल्यापासून आहे. मध्यंतरी तिच्यावर अन्याय झाला. तिला बाज आणि पोटभर अन्न मिळावं." इतकं चांगलं मी कधीच काही लिहिलं नव्हतं, आणि हेही लिहिलेलं नव्हतंच.

"पयल्यापासून हाय, त्ये बी लिवलंस?"

"हो."

"तीन वर्सं झाली मला."

"लिहिलंय, आजी."

तिला एकदम रडू आलं. "मंग मी हाय," ती म्हणाली. शेजारणीकडे वळून पुन्हा म्हणाली, "हाय ग मी. लिवलं यानं." तिनं माझ्या डोक्यावर ठेवायला हात वर केला, पण तो माझ्या कोटाच्या गुंड्यांपर्यंतच पोचला आणि तिथंच अडला. दारोगा बघत होता.

तेव्हा मात्र मी वाकलो.