गुरुवारपर्यंत

दोंडाईचाच्या हायस्कुलात चुडामण हिलाल पाटील इंग्रजी शिकवत. अकरावीची मुलं मॅट्रिकला कुठे आपटतात, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. मुलांना क्रियापदं पाठ असत. घात करत ते क्रियापदाला चिकटणारे दोन-तीन अक्षरांचे शब्द, आणि वाक्य वेळेबद्दल असलं तर हमखास.

"क्रियापद म्हणजे बैल," मास्तर वर्गात सांगत. "हा लहान शब्द म्हणजे कासरा. बैल तोच, पण कासरा ओढाल तिकडे गाडी वळते. 'पुट'ला 'ऑफ' लावलं की काम पुढं ढकललं. 'इन' लावलं की त्या कामात तास घातले. 'रन'ला 'आउट' लावलं की वेळ सरली. आणि मराठीत विचार करून लावाल तर गाडी खड्ड्यात."

जून १९६७ पासून त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात एक फळा टांगला. संध्याकाळी शाळा सुटली की त्यावर वेळेविषयीचं एक वाक्य लिहून जायचं, सकाळी प्रार्थनेनंतर मुलांनी ते वहीत उतरवायचं. पुस्तकातले जॉन आणि मेरी मुलांच्या डोक्यात टिकत नसत, म्हणून मास्तर गावातली माणसं घेत. प्रसंग मनचे, नावं खरी. गावाला ते आवडलं. इंग्रजीचं अक्षर न येणारी माणसं मुलांना वाटेत अडवून विचारत, आज फळ्यावर कोण? धान्याचे व्यापारी रुपचंदशेठ तर दुकानातून हाक मारत, "मास्तर, महिना झाला, आमचा नंबर लागेना. आमचा वेळ काय वेळ नाही?"

नाराज होत्या फक्त त्यांच्या पत्नी कमलबाई.

"बांगडी फुटनी तरी आपण 'वाढनी' म्हणतस," त्या म्हणाल्या. "घरमाईन निंघताना 'जास' नही, 'येस' म्हणतस. आनि तुम्ही जित्या माणूसनी येळ सरनी असं लिखतस?"

"ते इंग्रजी आहे. इंग्रजीत तसलं काही नसतं."

"भाषा इंग्रजी व्हई. माणूस ते आपलाच शे ना?"

मास्तर हसले. पण जुलैत त्यांनी लिहिलं की गाडीवान झिपरूने शिरपूरची फेरी आठवड्याने पुढे ढकलली, आणि दुसऱ्या दुपारी झिपरूचा बैल लंगडला. फेरी बरोबर आठवड्याने झाली. मास्तरांनी मनाशी म्हटलं, बैलाचं आपण आधी कुठे ऐकलं असेल. जानेवारीत 'रन'ला 'डाउन' लावून दाखवताना त्यांनी रुपचंदशेठच्या घड्याळाची चावी चार वाजून दहा मिनिटांनी संपवली. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला दुकानातला लंबक थांबला. शेठने काटे तसेच ठेवून आल्यागेल्याला दाखवले. चावी द्यायला आपण विसरलो होतो हे त्यांनीच कबूल केलं, त्यामुळे ती गोष्ट हसण्यावारी गेली.

तिसरी गोष्ट पुरी व्हायला वर्ष लागलं, आणि ती हसण्यावारी गेली नाही. शाळेचा शिपाई वना याचा म्हातारा बाप पुना ६७ च्या पोळ्यापासून अंथरुणाला खिळला होता. 'लिव्ह'ला 'ऑन' लावून मास्तरांनी लिहिलं, 'पुना लिव्ह्ड ऑन टिल दिवाळी.' म्हणजे, पुना दिवाळीपर्यंत तगून राहिला. मुलांनी अर्थ सांगितला तेव्हा वना दोन दिवस मास्तरांशी बोलला नाही. पण त्या दिवाळीला म्हातारा उठून बसला, भाऊबीजेला चालत बहिणीकडे गेला. वनाने शाळेत पेढे वाटले. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, पुना अंघोळ करून ओट्यावर बसला आणि बसल्या जागी गेला. फळ्याचा आणि त्याचा संबंध तेव्हा कुणी जोडला नाही.

फेब्रुवारी १९६९ मध्ये कमलबाईंना मुदतीचा ताप आला. अठराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, मास्तर शाळेत पोचले तेव्हा व्हरांड्यात अजून कुणी नव्हतं. फळ्यावर लिहिलं होतं, 'कमल हेल्ड आउट टिल थर्सडे.' होल्ड आउट, म्हणजे टिकाव धरणे. कमलने गुरुवारपर्यंत टिकाव धरला.

अक्षर त्यांचं होतं. 'के'ची खालची शेपटी ते पुढच्या अक्षराखाली ओढत, तशी ओढलेली होती. शनिवारी आपण पावसाबद्दलचं वाक्य लिहिलं, हे मात्र त्यांना स्पष्ट आठवत होतं. घरच्या माणसाचं नाव त्यांनी फळ्यावर कधीच घेतलं नव्हतं.

त्यांनी वनाला बोलावलं. "हे कोणी लिहिलं?"

"तुम्हीच लिखं, सर. शनवारना सांजले. खडू मी दिन्हा ना."

"पाऊस नव्हता का त्यात?"

"माले काय समजस, सर? पन लिखताना तुम्ही थांबेल नव्हतात. एका दममा लिखं."

मास्तरांनी फळा पुसला, मग ओल्या फडक्याने पुन्हा पुसला. वनाला वाचता येत नव्हतं. म्हणजे आता ते वाक्य एकट्या मास्तरांना माहीत होतं.

त्या गुरुवारी ते पहाटेपासून बायकोच्या खाटेशी बसले. तिच्या श्वासांकडे पाहत राहिले. दिवस कलला, दिवे लागले, आणि तिला दरदरून घाम फुटला. हात लावला तर अंग गार होतं. डॉक्टरांनी येऊन नाडी पाहिली आणि सांगितलं, ताप उतरला. शुक्रवारी कमलबाईंनी भाताची पेज मागितली. मास्तर शाळेत गेले ते तीन आठवड्यांत पहिल्यांदा दाढी करून.

दारातच वना भेटला. "बाई उठन्यात म्हणे, सर. बरं व्हयनं." आणि घंटेकडे जाता जाता म्हणाला, "मना बाप बी असाच उठना व्हता."

मास्तर तिथेच उभे राहिले. वाक्यात वार होता. तारीख नव्हती.

त्या दिवसापासून फळ्यावर माणसाचं नाव आलं नाही. आणि मास्तर गुरुवारी शाळेत आले नाहीत. पहिले काही महिने रजा टाकल्या, मग मुख्याध्यापकांशी बोलून ते तास रविवारी सकाळी घेतले. कारण विचारलं तर घरचं व्रत आहे म्हणून सांगत. मुलं त्यांना 'गुरुवारचा उपास' म्हणत. घरी गुरुवारी चूल मास्तर पेटवत. पाणी तेच शेंदत. कमलबाईंना माळ्यावर चढू देत नसत, ओल्या ओट्यावर चालू देत नसत. बाई चिडत, हसत, पुन्हा चिडत. तीन वर्षं अशी गेली.

मे १९७२ मध्ये अमळनेरला कमलबाईंच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. तिथी गुरुवारची. कमलबाईंनी आदल्या दिवशीच ट्रंक भरली. मास्तर नाही म्हणाले.

"काबर नही?" त्या ट्रंकेवर बसल्या. "तीन साल व्हयनात, गुरुवार ऊना का तुम्ही माले कोंबडीनागत डाली खाले झाकतस. आज सांगा, नहीतर मी चालनू."

मास्तरांनी सांगितलं. वाक्य इंग्रजीत म्हटलं, मग अर्थ. वनाचं सांगितलं, पुनाचं सांगितलं. कमलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी जे विचारलं ते मास्तरांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"म्हणजे बाकीना सहा दिन माले काहीच व्हवाव नही?"

त्यांनी ट्रंक रिकामी केली. अमळनेरला गेल्या त्या शुक्रवारी, नवरा-नवरीला ओवाळून आल्या.

पुढच्या चार वर्षांत दोंडाईचाने एक वेगळी बाई पाहिली. मंगळवारी नदीला पूर असताना ती कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे गेली. शनिवारी शेजारच्या सरपणात नाग निघाला तर पुरुष काठ्या शोधत असताना तिने तो चिमट्याने उचलून मडक्यात घातला. भिकुबाईच्या घरी देवी आल्या, सख्खे नातेवाईक उंबऱ्यापर्यंत येईनात, तेव्हा कमलबाई आठवडाभर आत राहिल्या. बुधवारी सांजेला घरी आल्या, शुक्रवारी उजाडता परत गेल्या. गुरुवारी मात्र त्या आपणहून खाटेवर पाय वर घेऊन बसत, वाती वळत आणि कुणाशी फारसं बोलत नसत. लोक म्हणत, बाईच्या अंगात काहीतरी आहे. मास्तर सहा दिवस तिच्याकडे पाहायला भीत. ती नदीत उतरली की त्यांना वाटे, वाक्य आपलं आहे. चुकीचं असलं तर?

सप्टेंबर १९७६ मध्ये, गणपती उठल्यानंतर, कमलबाईंच्या पोटात कळ आली. शनिवारी गावातले उपाय झाले. रविवारी एस्टीने धुळ्याला दवाखान्यात नेलं. सोमवारी पोट उघडलं तेव्हा आतडं फुटून विष पसरलेलं होतं. डॉक्टरांनी मास्तरांना बाहेर बोलावून सांगितलं, रात्र निघणार नाही.

रात्र निघाली. डॉक्टर सकाळी आले, नाडी पाहून गेले. सुया दिल्या तरी कळा थांबत नव्हत्या. बाई ओरडत नसत, दातांनी पदर चावत. पदराला भोकं पडली होती. मास्तर स्टुलावर बसून होते. जेवणाचा डबा यायचा आणि तसाच परत जायचा. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढायचं आणि उतरायचं.

एका दुपारी कमलबाईंनी पदर सोडला. "वार कोनता?"

मास्तरांनी बोटं मोजली. रविवारी भरती, सोमवारी ऑपरेशन. म्हणजे मंगळवार. अजून दोन दिवस ती अशीच पडून राहणार होती. ती सुटणार नाही, तिला सुटता येणार नाही, आणि ती तशी सुटत नाही हे त्यांनी स्वतःच तिला चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

"गुरुवार," मास्तर म्हणाले.

"खरं?"

त्यांनी आयुष्यात वर्गात किंवा घरी चुकीचा वार सांगितला नव्हता. "खरं."

"मंग ठीक शे," कमलबाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांच्या मनगटावर हात ठेवला. थोड्या वेळाने तो हात तिथे नुसता राहिला.

संध्याकाळी कारकुनाने फॉर्म भरायला घेतला. नाव, गाव, वय त्याने विचारून लिहिलं. तारखेशी तो थांबला नाही, सोळा सप्टेंबर लिहून पुढे गेला.

"चौदा," मास्तर म्हणाले. "मंगळवार, चौदा तारीख."

कारकुनाने मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "गुरुजी, रविवारी तुम्ही ह्यांना आणलंत, तो पण फॉर्म मीच भरला. आज गुरुवार आहे."

नर्सनेही तेच सांगितलं. पाच दिवस तुम्ही स्टुलावरून हलला नाहीत, ती म्हणाली, आम्ही पाहत होतो. मास्तरांनी रविवार मोजला, सोमवार मोजला, मंगळवार मोजला. पुढचे दोन दिवस त्यांना कुठेच सापडले नाहीत. कारकुनाने फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी सही केली, आणि सहीखालची तारीख कारकुनाच्या अक्षरावरून पाहून उतरवली.