पाठीची माती

कुठूनही उठले, की पैलवान आधी जवळच्या माणसाकडे पाठ करायचे आणि विचारायचे, "बघा ओ, माती न्हाई ना लागली?" चहाच्या हॉटेलातल्या बाकड्यावरून, लग्नाच्या मांडवातल्या सतरंजीवरून, एकदा तर माझ्या घरातल्या सोफ्यावरून उठतानाही त्यांनी हेच विचारलं. आपण "नाही पैलवान, साफ आहे" म्हणायचं, की ते मिशीतल्या मिशीत हसत चालू लागायचे. कुस्तीत ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. आपली आयुष्यात कधी लागली नाही, असं पैलवान सांगायचे आणि अख्ख्या शिरूरमध्ये ते खोटं आहे म्हणणारा मला कुणी भेटला नाही.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. वय झालेलं, कान मोडलेले, गुडघे कुरकुरणारे, तरी चालताना समोरचे लोक आपोआप बाजूला होतात असा. आमचे पैलवान माझ्या समोरच्या घरात राहायचे. बायको वारलेली. घरात ते आणि मुलगी मंदा.

मंदा सासरहून परत आली होती. तिथं तिला मार होता. पहिल्यांदा आली तेव्हा पैलवानांनी तिला स्वतः नेऊन सोडलं. दुसऱ्यांदा आली तेव्हाही सोडलं. तालमीतल्या पोरांना सांगायचे तेच तिलाही सांगितलं, "अंगावर घ्यायचं. अंगावर घेतलं की भ्या जातं." तिसऱ्यांदा ती आली ती हात गळ्यात बांधून. तेव्हा त्यांनी नेऊन सोडायचं नाव काढलं नाही, पण मंदा त्यानंतर उंबऱ्याबाहेर पडेना. दळण माझी बायको आणून द्यायची. दारात कुणाची गाडी थांबली, की मंदा आतल्या खोलीत जायची.

शेऱ्या कुत्रा त्याच सुमारास आला. नगर रस्त्याच्या कडेला चार-पाच कुत्र्यांनी त्याला घेरलं होतं. पैलवानांनी त्याला सोडवलं आणि पोत्यात घालून लुनावरून घरी आणलं. एक कान फाटलेला, मांडीला जखम. जखमा मंदानं हळद लावून बऱ्या केल्या. पण दुसरं कुत्रं दिसलं, की शेऱ्या जागच्या जागी मुतायचा आणि पैलवानांच्या धोतरात शिरायचा. हॉटेलात बसणाऱ्यांना विषय मिळाला. "पैलवान, तुमच्या वाघाला शेळीनं हुसकावलं म्हणं." पैलवान हसायचे, पण मोडलेले कान लाल व्हायचे.

मग एका सकाळी त्यांनी शेऱ्याला दोरी लावली आणि थेट मटणाच्या दुकानांमागं, जिथं गावभरची कुत्री जमतात, तिथं नेऊन उभं केलं. अंगावर घेतलं की भ्या जातं. शेऱ्या आला तो उचलूनच. त्यानंतर तोही उंबऱ्याबाहेर पडेना. आतल्या खोलीत मंदाच्या खाटेखाली पडून राहायचा. पैलवान आत गेले, की दोघंही भिंतीकडे सरकायचे.

मला पसारा सहन होत नाही, मग तो सामानाचा असो की माणसांचा. रांजणगावच्या एका कंपनीत मी स्टोअर्स सांभाळायचो. काम अडलं, की कोण करू शकेल त्यांची नावं लिहायची आणि एकेक खोडत जायचं, ही माझी पद्धत. शेऱ्यासाठीही तशीच यादी केली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, भीतीवर इंजेक्शन नाही. एका शेतकऱ्यानं सांगितलं, सोडून द्या. शेवटचं नाव उरलं ते दौंडचं. पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले एक गृहस्थ तिथं कुत्री शिकवायचे. मी पैलवानांना सांगितलं, तसं त्यांनी आधी खिडकी लावली.

"भाऊसाहेब, कुत्र्याच्या भ्याला मास्तर लावला म्हणून कळलं, तर मला शिरूर सोडावं लागंल."

ठरलं ते असं. माझी सुट्टी गुरुवारी असायची. त्या दिवशी माझ्या जुन्या व्हॅनमधून जायचं, शेऱ्या मागं पोत्यावर, काचेला टॉवेल. कुणी विचारलं तर काही सांगायचं नाही.

दौंडचे मास्तर रेल्वेच्या मैदानाजवळ राहायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज परेडचा. शेऱ्या गाडीतून उतरेना. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी पैलवानांना विचारलं, "याला कधी जबरदस्तीनं कुत्र्यांत नेलंय का?"

पैलवानांनी शेऱ्याची दोरी मनगटाला गुंडाळली. मग म्हणाले, "नेलंय."

"मग आता हे नुसतं कुत्र्यांना नाही भीत. तुम्ही परत तिथंच नेऊन टाकाल, त्याला भितंय."

परतताना भीमेच्या पुलावर पैलवान म्हणाले, थांबवा जरा. मी गाडी कडेला घेतली. ते उतरले, कठड्याला धरून पाण्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, गाडी लागली असेल. पाण्याची बाटली घेऊन गेलो.

"पोरीलाबी मीच नेऊन टाकली," ते म्हणाले. "दोनदा." आणि टॉवेलनं तोंड पुसलं, म्हणजे टॉवेल तोंडावरच धरून ठेवला.

त्यानंतर आम्ही दर गुरुवारी जात राहिलो. मास्तरांची पद्धत सोपी होती, पण ती पैलवानांच्या जिवावर आली. मैदानाच्या एका टोकाला मास्तरांची म्हातारी शांत कुत्री बसवलेली. दुसऱ्या टोकाला पैलवान आणि शेऱ्या. शेऱ्यानं तिच्याकडे नुसतं बघितलं तरी भाकरीचा तुकडा द्यायचा. त्यानं तोंड फिरवलं, की लगेच उठून, पाठ करून निघून यायचं. समोर कुस्तीची जोड उभी असताना पाठ करून निघायचं, हे ज्या माणसानं कधी केलं नाही, त्याला ते एका सकाळी पाच-सहा वेळा करावं लागायचं. कडेला क्रिकेट खेळणारे थांबून बघायचे. पैलवान मान खाली घालून यायचे. "अजून एकदा लाज काढू का मास्तर?" असं विचारायचे आणि परत जायचे.

इकडं शिरूरमध्ये वेगळंच शिजत होतं. पैलवान दर गुरुवारी धुतलेला पांढरा सदरा घालून, शेजाऱ्याची व्हॅन करून दौंडला जातात, विचारलं तर सांगत नाहीत. घरात परत आलेली मुलगी. आपल्याकडे याचा एकच अर्थ होतो. हॉटेलात विचारणा सुरू झाली, "काय पैलवान, पाव्हणे काय म्हणत्यात? रेल्वेत हाय का मुलगा?" पैलवान खाकरायचे आणि विषय बदलायचे. कुत्र्यापेक्षा सोयरीक बरी, असं त्यांना वाटलं असावं. मलाही विचारत. मी गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल काहीतरी बोलायचो.

ही बातमी दळणाबरोबर मंदापर्यंत पोचेल, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. एका गुरुवारी निघताना माझ्या बायकोनं मला आत बोलावलं. मंदानं दोन दिवस जेवण सोडलंय, म्हणाली. पिशवी भरून ठेवलीय. राहू गावाला मावशीकडे निघून जाणार आहे, आज संध्याकाळच्या एसटीनं. "ती म्हणते, आबा आता तिसरीकडं नेऊन टाकणार."

मी ते व्हॅनमध्ये पैलवानांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडी वळवा." मग शेऱ्याकडे बघून म्हणाले, "नको. लवकर जाऊन लवकर येऊ."

त्या दिवशी मास्तरांची कुत्री पहिल्यांदाच जवळ बसवली होती. शेऱ्या पैलवानांच्या मागं लपला. पैलवानांना गुडघ्यांमुळे फार वेळ बसवेना. ते आधी कोपरावर टेकले आणि मग, काय मनात आलं कोण जाणे, सरळ उताणे झाले. दोन्ही हात पसरून, सबंध पाठ जमिनीला लावून. आडवा पडलेला तो डोंगर मध्ये आहे म्हटल्यावर शेऱ्याला धीर आला. त्यानं पैलवानांच्या पोटावर पुढचे पाय ठेवले आणि पलीकडं मान लांब केली. म्हातारीनं अलीकडं केली. दोघांनी पैलवानांच्या पोटावर एकमेकांची नाकं हुंगली. पैलवान श्वास धरून आभाळाकडे बघत पडले होते. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं.

उठल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही. मी झटकायला हात उचलला, तर बाजूला झाले.

शिरूरला पोचलो तेव्हा हॉटेल भरलेलं होतं. समोर दारात मंदा पिशवी घेऊन उभी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती उंबऱ्याबाहेर आली होती, ती निघून जायला. बाकड्यावरून नेहमीचा आवाज आला, "काय पैलवान, जमलं का?"

पैलवान घराकडे न जाता हॉटेलासमोर थांबले. हातात शेऱ्याची दोरी.

"सोयरीक न्हाई," ते मंदाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "ह्या कुत्र्याच्या भ्याचा इलाज करायला जातो दौंडला. भ्यालेल्याला मी ढकललं, म्हणून ते जास्त भ्यालं. आता न्हाई ढकलणार. कुणालाच."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. पैलवानांनी सगळ्यांकडे पाठ केली. पांढऱ्या सदऱ्यावर मानेपासून कमरेपर्यंत दौंडची माती होती.

"बघा," ते म्हणाले, "लागलीय."

आणि तसेच घराकडे गेले. मंदाच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली नाही. तिच्यासमोर नुसते उभे राहिले. थोड्या वेळानं शेऱ्या तिच्या पायापाशी जाऊन बसला. मग तिनं पिशवी आत नेली.

शेऱ्या काही वाघ झाला नाही. दुसऱ्या कुत्र्याला लांबून वळसा घालूनच जायचा, पण जायचा. त्याला फिरवायचं काम मंदानं घेतलं. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग घोडनदीच्या घाटापर्यंत. पुढं तिनं शिवणाचं मशीन घेतलं. पैलवान हॉटेलात पूर्वीसारखेच बसायचे, पण उठताना पाठीचं विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं. तरुण पोरं मुद्दाम म्हणायची, "पैलवान, साफ हाय." ते म्हणायचे, "असू दे, नसू दे."

ते गेले ते झोपेतच. सकाळी मी पोचलो तेव्हा त्यांना रीतीप्रमाणे खाटेवरून खाली घेऊन अंगणात, सारवलेल्या जमिनीवर निजवलं होतं. शेऱ्या पायाशी. तालमीतली जुनी माणसं जमली होती. त्यातला एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "आज पहिल्यांदा पैलवानाची पाठ मातीला लागली."

मंदा उशाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"पहिल्यांदा न्हाई," ती म्हणाली. "तो सदरा मी धुतलाय."