सकाळी अकराला घरी कोण असतं?

‘संध्याकाळची ओपीडी बंद केल्यास गावकऱ्यांची गैरसोय होणार नाही.’

अहवालाच्या चौथ्या पानावर हे वाक्य ठळक अक्षरांत होतं आणि ते मीच लिहिलं होतं. दोन दिवसांनी संस्थेसमोर सादरीकरण होतं. मी खामगावच्या ऑफिसात बसून शेवटची तपासणी करत होते. तेव्हा टॅबमधून आलेल्या डेटामधला एक कॉलम नजरेला पडला. फॉर्म भरल्याची वेळ. दहा वीस, अकरा पाच, बारा चाळीस, बारा पन्नास. संध्याकाळचा एकही फॉर्म नाही.

मी सर्वेक्षणाचं काम करते. प्रश्न तयार करायचे, कुठल्या घरांना विचारायचं ते ठरवायचं, आणि आलेल्या उत्तरांवरून अहवाल लिहायचा. सगळ्या गावाला विचारणं शक्य नसतं, म्हणून यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही घरं निवडतात. त्याला सँपल म्हणतात. सँपलमधलं घर बंद असेल तर पुन्हा जायचं, वेगळ्या वेळी जायचं, निदान तीनदा जायचं. हा या धंद्यातला अगदी प्राथमिक नियम आहे. मी तो प्लॅनमध्ये लिहूनही दिला होता.

काम होतं अमडापूरकडच्या एका गावातलं. तिथं ही संस्था दवाखाना चालवते. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते आठ. डॉक्टर चिखलीहून येतात, त्यांना दोनदा येणं जड जात होतं. संध्याकाळी येणारे पेशंट सकाळी येऊ शकतील का, एवढंच संस्थेला जाणून घ्यायचं होतं. आमच्या गोल चार्टमध्ये ‘सकाळची वेळ सोयीची’ असा हिरवा तुकडा जवळपास सगळं वर्तुळ खाऊन बसला होता.

मी ‘घर बंद’ असा शेरा असलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या. पुष्कळ निघाल्या. आणि त्यातल्या बहुतेक बुद्ध विहारामागच्या दोन गल्ल्यांमधल्या होत्या. त्या प्रत्येक घराच्या बदली टीमने शेजारचं उघडं घर घेतलं होतं. आकडा पूर्ण, फॉर्म पूर्ण, सगळं छान.

टीममधल्या अर्चनाताईंना फोन लावला. त्या त्याच भागातल्या, दहा वर्षं फॉर्म भरणाऱ्या.

“ताई, बंद घरांवर परत गेला नाहीत?”

“मॅडम, आम्ही सरले सांगतलं व्हतं, का हे लोकं सांजच्याले भेटतात. ते म्हणे, पुढचं घर घ्या, दोन दिवसांत उरकवा. मंग आम्ही काय करतो?”

सर म्हणजे आमच्या एजन्सीचे प्रमुख. ते पुण्यात बसतात. माझा प्लॅन त्यांनी मला न विचारता फोनवरून बदलला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण थोडी चीड स्वतःचीही आली. वेळेचा कॉलम मी अहवाल लिहिण्याआधी बघायला हवा होता. हिरवा तुकडा बघून मीही खूश झाले होते.

त्याच दिवशी दुपारची एसटी पकडून गावात गेले. सहाला दवाखान्यासमोर पोचले तर पायरीपासून हापशीपर्यंत बायका बसलेल्या. सोयाबीनची सोंगणी चालू होती. शेतातून थेट आलेल्या, पदराला भुसा-कुटार चिकटलेलं. विहारामागच्या गल्लीत राहणाऱ्या सुभद्रामावशी नावाच्या एका बाईच्या तळहाताला पट्टी होती. सोंगताना विळा लागला होता.

“मावशी, ड्रेसिंग सकाळी करून घेतलं तर जमणार नाही का?” मी विचारलं. प्रश्न आमच्या फॉर्ममधलाच होता.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “बाई, सकाळी म्हंजे कवा?”

“दहा ते एक.”

“दहाले तं मी वावरात असतो. आठले निघा लागते. दहाले इथं बसलो तं दिवस गेला ना माहा. मंग जखम सडली तरी मी येत नाई.” मग त्यांनीच विचारलं, “नर्सबाई म्हणे, सांजचं बंद करून राह्यले. काऊन बंद करून राह्यले? कोनाले विचारलं?”

“गावात सर्व्हे झाला, मावशी.”

“कवा झाला? आमच्याकडे तं कोनी आलं नाई.”

“आले होते. अकरा वाजता. तुमच्या गल्लीतली घरं बंद होती.”

मावशी हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. शेजारच्या बाईला म्हणाल्या, “आयकलं का वं? अकराले आले व्हते म्हणे. आपल्याले पाह्याले.”

ती बाई हसली. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सकाळची वेळ जमते का, हे आम्ही सकाळच्याच वेळी जाऊन विचारलं होतं. ज्यांना जमते ते घरी होते आणि ‘जमते’ म्हणाले. ज्यांना जमत नाही ते कामावर होते, म्हणून आम्ही त्यांना यादीतूनच काढून टाकलं.

स्टँडवरूनच सरांना फोन केला.

“सँपल साइज पूर्ण आहे ना?” त्यांनी विचारलं.

“पूर्ण आहे सर, पण चुकीच्या लोकांनी पूर्ण केलाय.”

“हे बघा, तुम्ही इमोशनल होताय. क्लायंटला चार्ट आधीच गेलाय. मर्यादा म्हणून शेवटी एक ओळ टाका. काही घरं बंद आढळली. बास.”

“सर, ती ओळ कोण वाचतं? आणि दवाखाना बंद झाल्यावर त्या ओळीचं काय करायचं?”

“आपलं काम डेटा देणं आहे. निर्णय त्यांचा.”

हे वाक्य मी या क्षेत्रात इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की कानशिलं तापतात. आपण खोटा डेटा द्यायचा आणि निर्णय त्यांचा म्हणायचं! मी म्हटलं, “मग अहवालावरून माझं नाव काढा.” ते म्हणाले, “परवा बोलू.”

परवा सादरीकरणात मला फक्त स्लाइड पुढे सरकवायच्या होत्या. हिरवा चार्ट आला. सर म्हणाले, “प्रतिसाद अत्यंत स्पष्ट आहे.” मी पुढची स्लाइड लावली. ती सरांनी पाहिलेली नव्हती. तिच्यावर दोनच ओळी होत्या. आम्ही किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत फिरलो, आणि कुठल्या गल्ल्यांमधली घरं बंद होती.

संस्थेच्या अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा वर केला. “या गल्ल्यांमध्ये कोण राहतं?”

“मजुरी करणारे, मॅडम. सकाळी आठला जातात, सहाला येतात.”

“म्हणजे संध्याकाळी दवाखान्यात येणारे हेच ना?”

“हेच.”

“मग तुम्ही मोजलं काय?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “घरी असणारी माणसं मोजली.”

मग बाई म्हणाल्या, “पुन्हा जा. सहानंतर जा. तोवर ओपीडीला हात लावायचा नाही.”

आम्ही पुन्हा गेलो. मी आणि अर्चनाताई, आठ दिवस, रोज संध्याकाळी. चुलीपाशी बसून, भाकरी थापणाऱ्या बाईला विचारून फॉर्म भरले. हिरवा तुकडा बराच आक्रसला. संध्याकाळची ओपीडी राहिली. डॉक्टरांची सोय म्हणून सकाळची आठवड्यातून तीन दिवसांवर आली. जी बंद व्हायला निघाली होती ती चालू राहिली आणि गावाच्या सोयीची ठरवलेली कमी झाली. तक्रार एकही आली नाही.

नव्या अहवालावर सरांनी माझं नाव ठेवलं नाही. स्वतःचं ठेवलं. बंद घरांवर परत जाण्याला त्यांनी ‘दुहेरी पडताळणीची अभिनव पद्धत’ असं नाव दिलं आणि पुढे दोन कार्यशाळांमध्ये तिच्यावर भाषण केलं. अर्चनाताईंचं नाव आभारातही नव्हतं. वर्षभरात मी ती एजन्सी सोडली.

आता स्वतंत्र काम करते. माझ्या अहवालात निष्कर्षाच्या आधी एक तक्ता असतो. किती घरं बंद होती, कुठली, आम्ही किती वाजता आणि किती वेळा गेलो. बहुतेक क्लायंट म्हणतात, हा तक्ता कंटाळवाणा आहे, मागे टाका. मी टाकत नाही. अहवाल वाचायची वेळ तुमच्यावर आली तर चार्ट नंतर बघा. आधी विचारा, विचारायला गेले तेव्हा किती वाजले होते. उत्तर मिळालं नाही तर तो अहवाल बाजूला ठेवून द्या.