परदेशी राजांपुढे आई

आईच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी तिला खाली वाकायची सक्त मनाई केली. उजवा डोळा काचबिंदूने आधीच गेलेला, त्यामुळे सगळी भिस्त या एकावर. तो बिघडला असता तर पुढे काहीच उरलं नसतं. म्हणून तिला दिंडोरीहून नाशिकला माझ्याकडे आणलं आणि दिवसभर तिच्या मानेवर नजर ठेवून बसले.

अडचण टीव्हीची होती. टीव्हीत देव दिसला की आई उठते, पदर डोक्यावर घेते आणि कपाळ फरशीला टेकवते. आणि मालिकांत तर देव दर दहा मिनिटांनी प्रकटतात. म्हटलं, बसल्या बसल्या हात जोड, पोचतो तो.

"देव समोर उभा आन् मी खुर्चीत? मला नाय जमायचं," ती म्हणाली.

मग मी शक्कल लढवली. परदेशातल्या जुन्या राजांचे, हिंदीत डब केलेले सिनेमे लावायचे. इजिप्तच्या किंवा रोमच्या राजाला दिंडोरीची बाई कशाला नमस्कार करेल? स्वतःच्या हुशारीवर मी फारच खूश होते.

दोन दिवस छान गेले. आई राजांना भीक घालत नाही. "येवढं सोनं घालून हा शेतात कधी जायचा?" असं एकाला विचारून झालं. सगळे सम्राट एकाच आवाजात बोलत होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काल मेला तोच हाय ना हा?"

तिसऱ्या दिवशी बायबलमधली गोष्ट लागली. गुलामांना राजाच्या तावडीतून सोडवून नेणारा एक दाढीवाला म्हातारा होता. आपल्या ओळखीतलं कोणीच नाही, असं म्हणून मी निर्धास्त झाले आणि मेथी निवडायला स्वयंपाकघरात गेले. बाहेरून बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. डोकावून पाहिलं तर पडद्यावर समुद्र दुभंगलेला आणि खाली आईचं कपाळ फरशीवर.

मी इतकी ओरडले की शेजारीण दारात आली. मुळात माझा राग नाकावर, त्यात भीती. "अगं, तो आपला देव तरी आहे का?"

आई उठली, काळा चष्मा सारखा केला. "बायाबापड्या लेकरं घेऊन पळत होत्या. त्यानं वाट दिली त्यांना. कोणाचा का असंना."

मी आणखी चिडले आणि टीव्हीच बंद केला. संध्याकाळी तिच्या डोळ्याला पाणी यायला लागलं. सिनेमा मी लावला होता. पाठ मी फिरवली होती. दुसऱ्या दिवशी तपासणी होतीच.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं, समुद्रासकट. त्या हसल्या नाहीत, याचे उपकार मी विसरणार नाही. यंत्रातून खूप वेळ पाहिल्यावर म्हणाल्या, "भिंग जागेवर आहे. डोळा छान आहे. पण आजी, आता आठवडाभर कोणालाच वाकून नमस्कार नाही."

मी बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि पदराने तोंड झाकून भरपूर रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

रिक्षात आई माझ्याकडे टक लावून बघत होती. मग हात पुढे करून तिने माझ्या कानामागची बट बाजूला केली.

"तुझे केस लय पांढरे झाले गं. कधी झाले? मला कोणी बोललंच नाय."

एरवी माझ्या केसांवर कोणी बोललं तर मी त्याची खैर ठेवत नाही. त्या दिवशी मी डोकं तिच्यापुढे केलं आणि म्हटलं, बघ, सगळे बघ.