कुत्रीचा वाटा

माझ्या सासरी बोलाई देवीचा नेम होता. घरात बोकडाचं मटण चालायचं नाही, यायचं ते मेंढीचंच. सोलापुरातल्या गिरणीला सुट्टी असली की मामा, म्हणजे माझे सासरे, ते घेऊन यायचे. आत्या, म्हणजे सासूबाई, परसात विळीवर बसून ते साफ करायच्या. कलेजीत पाण्यानं टरारलेला पांढरा फोड दिसला की तेवढा भाग कापून कुत्रीपुढं टाकायच्या. मुक्या जिवाचा वाटा आधी काढायचा, हा त्यांचा हट्ट. चिंधीनं दूध पाजून वाढवलेली कुत्री ती. मला कुत्र्यांचा मनस्वी कंटाळा, पण आत्यांपुढं बोलायची टाप कुणाची!

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मला दिवस गेले. तेव्हा मामांनी मला हळूच एक गोष्ट सांगितली. माझ्या लग्नाआधी त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या यकृतातून अगदी तसाच फोड काढला होता आणि विचारलं होतं, घरात कुत्रं आहे का? मटण नीट शिजवलं की भीती नाही. पण तो कच्चा फोड कुत्र्यानं खाल्ला की त्याच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या अंगावरून आपल्या हाताला लागतात, तोंडात जातात, आणि माणसाच्या पोटात पुन्हा फोड धरतो. उद्या घरात रांगतं पोर येणार होतं.

"फोड चुलीत टाकत जा," मामा म्हणाले. "पर तुझ्या आत्याला कारण सांगू नगंस."

मग मटण साफ करायचं काम मी मागून घेतलं. नाकाला पदर लावून नेटानं करायची. तिसऱ्या खेपेला आत्यांनी मला फोड चुलीत टाकताना पकडलं. मुक्या जनावराच्या तोंडचा घास जाळतीस, पोटुशी बाई असून तुला दयामाया न्हाई, असं बरंच बोलल्या. माझंही डोकं फिरलं. मी सगळं सांगून टाकलं, मामांच्या ऑपरेशनात काय निघालं होतं त्यासकट.

आत्या तशाच ओसरीवर मामांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"का वो, इतकी वर्सं मला बोलला का न्हाईसा?"

मामांनी आधी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मग आत्यांना म्हणाले, "बोललो आस्तो, तर तू पुन्यांदा मटणाला हात लावला नसतास."

झालं तसंच. त्यानंतर आत्यांनी मटण ना चिरलं, ना रांधलं. मामा साफ करायचे आणि मी पार लगदा होईपर्यंत शिजवायची. मामा म्हणायचे, झकास झालंय. माझ्या हातचं कालवण कसं व्हायचं ते मला ठाऊक होतं. तरी आत्यांच्या देखत ते दर वेळी दुसऱ्यांदा मागून घ्यायचे.