जळगावचा सूर्योदय, जैसलमेरच्या दारात

ज्या सवितानारायणाने उतारवयात माझी चूक माझ्या पदरात घातली, त्यास प्रथम वंदन करतो. प्रसंग जैसलमेरच्याही पलीकडे, वाळवंटातील एका गृहप्रवेशाचा आहे.

पौष महिना. सकाळचे सात वाजून पाच मिनिटे झाली होती. मी कलश घेऊन उंबरठ्याशी उभा होतो. पूर्वेला नुसता राखाडी उजेड होता.

"गुरुजी, बठ्ठं तयार शे," ऐंशी वर्षांच्या भुवाजी, म्हणजे मारवाडीतल्या आत्याबाई, म्हणाल्या. "सूर्य कोठे शे?"

भुवाजींचे सासर शिरपूरचे, म्हणून बोली आमची खानदेशची, अहिराणी. हे घर त्यांच्या माहेरचे. वडिलांनी जळगावास कापडाचे दुकान काढले, तेव्हापासून हे घर बंद होते. आता भावाचा नातू कुशल याने ते दुरुस्त करून, तेथूनच लॅपटॉपवर नोकरी करण्याचे ठरवले होते. या कुटुंबाची धर्मकार्ये आमच्याकडेच असल्यामुळे मला जळगावाहून बोलावून घेतले. भुवाजींचा हट्ट एकच होता. लहानपणी पहिले ऊन दारातून थेट समोरच्या भिंतीतील देवळीवर पडत असे. त्या उन्हाबरोबरच कलश आत जावा. मीही सूर्योदयानंतरची पहिली घटका काढून दिली होती. घटका म्हणजे चोवीस मिनिटे.

आदल्या दिवशी मी कुशलची थट्टा केली होती. त्याच्या लॅपटॉपवर अमेरिकेची वेळ दिसत होती. मी म्हणालो, "देह राजस्थानात, घड्याळ अमेरिकेत. बाळा, संध्या कोणत्या वेळेची करणार?" तो बिचारा हसला.

आता तो हळूच जवळ आला. "गुरुजी, साडेसातला माझी मीटिंग आहे. तुम्ही सात-पाच सांगितलं म्हणून मी ती वेळ दिली. क्लायंटला आधी दोनदा थांबवलंय. आज चुकलो तर प्रोजेक्ट हातचा जाईल."

मी पंचांग उघडले. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, सूर्योदय जळगावचा. पंचांग एका गावाच्या क्षितिजासाठी गणलेले असते. पश्चिमेच्या गावी सूर्य उशिरा उगवतो, आणि थंडीत उत्तरेकडे आणखी उशिरा. तेवढा संस्कार, म्हणजे फरकाची दुरुस्ती, करून घ्यावा लागतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. परीक्षेत विचारतोही. येथे सूर्य यायला जवळजवळ अर्धा तास होता.

मुहूर्त साधला असे सांगून कलश आत नेला असता, तर कोणी पोथी तपासली नसती. परंतु भुवाजी पूर्वेकडे तोंड करून, हात जोडून उभ्या होत्या.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी जळगावचा सूर्योदय घेऊन आलो."

कुशलने माझ्याकडे पाहिले. "म्हणजे देह राजस्थानात, घड्याळ जळगावात?"

"हसू नको रे," भुवाजी म्हणाल्या. "त्या सायबले फोन लाव."

त्याने फोन लावला. इंग्रजीत बराच वेळ बोलला. त्यात दोनदा 'प्रीस्ट' आणि एकदा 'टाइम झोन' एवढेच मला कळले. मी मनातल्या मनात सूर्यमंत्र म्हणत राहिलो.

"आठला बोलायचं ठरलं," फोन ठेवून तो म्हणाला. "ते म्हणाले, टाइम झोनची चूक आमच्याकडेही रोज होते. फक्त पुढच्या वेळी मीटिंगची वेळ गुरुजींना विचारून देऊ नका."

मी मान खाली घातली. सल्ला शास्त्रोक्त होता.

यथावकाश सूर्य वर आला. उन्हाची पट्टी उंबरठा ओलांडून देवळीवर टेकली. कलश आत गेला. भुवाजींनी देवळीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माय आठे दिवा लावे." आठे म्हणजे येथे. आठच्या ठोक्याला कुशल शेजारच्या खोलीत, कपाळावर कुंकू तसेच ठेवून, मीटिंगला बसला. काम टिकले.

पोथीचे ज्ञान गाडीत बसले म्हणून परगावी आपोआप लागू पडत नाही. उतरल्यावर तेथील सूर्याला विचारावे लागते. ही सूचना आता माझ्या पंचांगाच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे. कुशलने लॅपटॉपवर अमेरिकेच्या आणि भारताच्या घड्याळांशेजारी तेथील सूर्योदय दाखवणारे तिसरे घड्याळ लावले असून त्याखाली 'गुरुजी' असे लिहिले आहे.

वाचकहो, आपल्या दारचे ऊन देवघरापर्यंत पोहोचो, माहेरच्या आठवणी उजळ राहोत, आणि आपल्या कुळातील लहानथोरांस तो सविता आयुष्य, आरोग्य व सद्बुद्धी देवो. शुभं भवतु.