टाचा टेकवायला लावणाऱ्या शालनकाकू

मधुकाकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या गडबडीत एका पायात बूट घालून उभी होते. "अगं, शालन गेली. पहाटे, हॉस्पिटलमध्ये. झोपेतच..." ते म्हणाले, आणि जरा थांबून, "आज मंगळवार आहे. मुलांना कळवशील ना? हॉल उघडायला ती येणार नाही म्हणून." मी तशीच एका बुटावर जिन्यात बसले आणि भोकाड पसरलं. शेजारच्या जर्मन आजींनी दार उघडून पाहिलं आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवला. आता सहा आठवडे झाले. खरं सांगते, हल्ली काकूंची आठवण आली की मला हसूच येतं. रडकी माणसं त्यांना आवडायची नाहीत, आणि मंद माणसं तर मुळीच नाहीत.

न्युरेम्बर्गच्या कडेला आमचं उपनगर आहे. तिथल्या शाळेच्या हॉलमध्ये शालन मधुकर आठल्ये या बाईंनी सव्वीस वर्षं जर्मन मुलांना खो-खो शिकवला. हो, खो-खोच! मधुकाका इथल्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, त्यांच्यामागून काकू सांगलीहून आल्या. माझी त्यांची गाठ पडली ती सुपरमार्केटमध्ये, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनसमोरच्या रांगेत. मी फोनवर आईपाशी रडगाणं लावलं होतं, की ईराला इथे मैत्रिणी नाहीत, मी मराठीत बोलले तरी ती जर्मनमध्येच उत्तर देते, मला परत पुण्याला यायचंय वगैरे. तेवढ्यात पाठीत सणसणीत थाप बसली. वळून बघते तर जॅकेटखाली कॉटनची साडी नेसलेल्या, पांढऱ्या बॉबकटच्या एक बाई. "मुलगी पळते का?" त्यांनी विचारलं. नाव नाही, गाव नाही! मी म्हटलं, पळते की. "मग मंगळवारी पाच वाजता शाळेच्या हॉलवर आण. आणि तो फोन ठेव आधी, तुझ्या मागे नऊ माणसं उभी आहेत."

मंगळवारी गेले आणि बघतच राहिले. लाकडी जमिनीवर रंगीत टेपने मैदान आखलेलं, आणि वीसेक सोनेरी डोकी एकाआड एक उलट दिशेला तोंडं करून उकिडवी बसायच्या प्रयत्नात धपाधप मागे पडत होती. आपल्याला जे जन्मजात येतं ना, पाय पूर्ण टेकवून उकिडवं बसणं, ते इथल्या पोरांना येत नाही. टाचा वर उचलल्या जातात आणि तोल जातो. काकू रांगेतून फिरत एकेकाच्या पोटरीवर चापटी मारत ओरडायच्या, "टाचा! टाचा टेकवा!" बाकी सगळं जर्मन, पण हा शब्द मराठीच. दात घासताना रोज उकिडवं बसायचं, असा गृहपाठ त्यांनी दिला होता. एका आईने मला तक्रारीच्या सुरात सांगितलं, की आता तिचा नवराही बाथरूममध्ये तसाच बसतो. शाळेचे केअरटेकर आधी त्या टेपवरून जाम उखडायचे म्हणे. काकूंनी त्यांनाच एकदा खेळायला उतरवलं. पुढच्या मंगळवारपासून टेप तेच लावायला लागले, तेही पट्टी घेऊन, मापात. ईराची तर गोष्टच निराळी. पहिल्याच दिवशी ती टाचा टेकवून उकिडवी बसली आणि काकूंनी सगळ्यांना थांबवून दाखवलं, "गेनाऊ! बरोब्बर अशी!" लेकीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. आता ती चौदा वर्षांची आहे, धाकट्यांना शिकवते, आणि त्यांच्या अंगावर मराठीत खेकसते.

दोन वर्षांपूर्वी काकूंच्या घरी जिल्ह्याच्या क्रीडा संघटनेचं पत्र आलं. स्थानिक खेळासाठी आयुष्यभर झटलेल्यांना दरवर्षी एअरनाडेल देतात, म्हणजे सन्मानाची चांदीची पिन. मी पेढे घेऊन पोहोचले, तर काका पत्र हातात धरून लालबुंद झालेले आणि काकू खुर्चीत हसून हसून लोळत होत्या. पत्रात लिहिलं होतं, खो-खो विभागाचे संस्थापक श्री. मधुकर आठल्ये यांचा सत्कार! बस सुटत असली तरी जो माणूस पावलाचा वेग वाढवत नाही, त्याचा! झालं होतं असं, की अगदी सुरुवातीला क्लबच्या मेंबरशिपचा अख्ख्या कुटुंबाचा अर्ज काकांनी भरला होता. आपल्या रीतीप्रमाणे वर स्वतःचं नाव, खाली 'शालन मधुकर आठल्ये'. पुढे कधीतरी ही यादी कॉम्प्युटरवर चढवताना कुणाला तरी दोन्हीकडे मधुकर दिसला. एकच माणूस दोनदा आलाय असं समजून त्याने खालची नोंद उडवली. आपल्याकडे बायकोच्या नावात नवऱ्याचं नाव असतं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

"जाऊ द्या हो," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "पिन घरातच येतेय ना? तुम्ही घ्या, मी टाळ्या वाजवते."

"नाही!" काकांनी टेबलावर हात आपटला. या माणसाचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "दुसऱ्यांदा नाही."

दुसऱ्यांदा म्हणजे? मी विचारलं, तेव्हा काकूंनी कपाटातून खो-खोच्या प्रमाणपत्रांचं भेंडोळं काढलं. शाळा, जिल्हा, राज्य... सगळ्यांवर नाव 'कु. कुंदा दामले'. ही कुंदा कोण? "मीच की," काकू म्हणाल्या. लग्नात नाव बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीने काकांनी 'शालन' लिहिलं, कारण त्यांच्या आत्याने तसं सांगितलं होतं. "मी चोवीस वर्षांचा गाढव," काका म्हणाले. "हिला विचारलंसुद्धा नाही." मग इथे आल्यावर काकूंना कोच व्हायचं होतं. पण प्रमाणपत्रं भलत्याच मुलीची! राज्य पातळीवर खेळलेल्या बाईने चिमुरड्यांच्या वर्गात मदतनीस म्हणून पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. काकूंनी हे सगळं हसत सांगितलं. काका मात्र खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर दोन महिने काका लढले. लग्नाचा दाखला, त्याचं शिक्का मारलेलं भाषांतर, इतक्या वर्षांचे फोटो, आणि चहाचा थर्मास, एवढं घेऊन ते क्लबच्या ऑफिसात जाऊन बसायचे. तिथल्या सेक्रेटरीबाई, फ्राऊ बाउअर, म्हणायच्या, नोंदीत तर तुमचंच नाव आहे. शेवटी काका म्हणाले, "मग माझं नाव काढूनच टाका. मी तुमचा मेंबर कधी नव्हतोच." त्यांनी खरोखर राजीनामा लिहून दिला आणि त्या जागी काकूंची नोंद झाली. त्याआधी त्यांनी काकूंना हळूच विचारलं होतं, कुंदा लिहायला सांगू का? "आता नको," काकू म्हणाल्या. "एवढी पोरं शालन-शालन म्हणून बोंबलतात, त्यांना कुठे नवीन पाठ करायला लावता! पण विचारलंत... बरं वाटलं."

सत्काराला काकू इरकल नेसून आणि पायात खेळाचे बूट घालून गेल्या. बँड होता, भाषणं होती, बिअर तर होतीच. "फ्राऊ शालन आठल्ये" असा पुकारा झाला तेव्हा आमची पोरं हॉल डोक्यावर घेऊन ओरडली, "टाचा! टाचा!" जिल्ह्याचे साहेब पिन घेऊन पुढे आले आणि साडीवर ती लावायची कुठे, या विचारात हात हवेत धरून उभे राहिले. काकूंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि निऱ्या केलेल्या पदराला खांद्यावर टोचून टाकली. मागे वळून मला म्हणाल्या, "बरं झालं बाई, साडीपिन विसरलेच होते." काका पहिल्या रांगेत बसून ढसाढसा रडत होते. काकू त्यांच्याकडे बघून डोळे वटारत होत्या.

काकू गेल्यावर क्लबचं पत्र आलं, की विभागाला जबाबदार प्रमुख हवा, नाहीतर मंगळवारची हॉलची वेळ बॅडमिंटनवाल्यांना जाईल. शिकवायला ईरा आणि मोठ्या मुली होत्या, पण कागदावर सही करणारं कुणीतरी मोठं माणूस हवं होतं. मी धास्तावले, कारण माझी नोकरी फिरतीची. काका म्हणाले, "मी आहे ना. हॉल उघडेन, दिवे लावेन, सही करेन. धावायला सांगू नका म्हणजे झालं." पण त्यासाठी आधी मेंबर व्हायला हवं, आणि आपलं नाव तर त्यांनी स्वतःच काढून घेतलेलं!

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर क्लबच्या ऑफिसात गेले. पंचाहत्तरीचे काका नवा अर्ज पुढे ओढून इंजिनिअरी अक्षरात सावकाश भरत होते. आडनाव लिहिलं. पहिल्या नावाच्या रकान्यात 'मधुकर' लिहिलं, पेन क्षणभर उचललं, आणि पुढे अजून एक नाव लिहिलं. फ्राऊ बाउअर यांनी अर्ज वाचला आणि चष्मा वर केला. "कुंदा? इतकी वर्षं तर तुम्ही नुसते मधुकर होतात. हे तुमचंच नाव का?"

"गेनाऊ," काका म्हणाले. "लग्नानंतरचं."